ओढ्याकडची वाट

अहिल्यानगर,
१८ मे २०२५

प्रिय आक्का,

पायावर डोकं ठेवते. दाजींना नमस्कार, निकिताला पापा. पत्र बघून घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. फोन केला की तू "बरं हाय, जेवलीस का?" एवढं विचारून ठेवून देतेस. महिना झाला, असंच चाललंय. मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावत नाही. आणि सांगितल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही, याचीच धास्ती आहे.

आधी कामाचं सांगते. पाथर्डीच्या स्टँडपासून सरकारी दवाखान्यापर्यंत सावलीची पायवाट करायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं आणि भागवतसरांनी ते माझ्याकडे सोपवलं. जानेवारीत तीन दिवस उभं राहून आम्ही येणारी-जाणारी माणसं मोजली. बहुतेक जण डांबरी रस्त्यानेच जात होते. म्हणून नकाशात त्याच्या कडेने सरळ पत्र्याचं छत काढलं. मंजूरही झालं. आक्का, जानेवारीत गं! अर्धा तालुका तेव्हा कारखान्यांवर ऊस तोडत असतो. भागवतसरांचं सोड, ते पुण्याचे. पण मी? ऊसतोडीला गेल्यावर पाचटाच्या कोपीत मला सांभाळायला तू पाचवीतून शाळा सोडलीस, आणि मी गाव रिकामं असताना माणसं मोजत बसले. कपाळ माझं!

एप्रिलमध्ये जागेवर आखणी करायला गेलो, तेव्हा चूक कळली. जीपमधून उतरलेली माणसं आमच्या रस्त्याकडे ढुंकूनही न बघता मागच्या ओढ्याकडे वळत होती. मीही मागून गेले. तिथे करंजाची, कडुलिंबाची जुनी झाडं आहेत आणि माणसं एका सावलीतून दुसरीत जातात. करंजाखाली साळूबाई म्हणून एक म्हातारी पाण्याचा माठ घेऊन बसते. ती म्हणाली, "त्या डांबरावरनं उन्हाचं कोन जाईल पोरी? पायाला फोड येत्यात. हितं झाडं हायती, म्हनून वाट हाय."

मग सगळं नव्याने काढलं. चार दिवस त्या झाडांच्या सावल्या दर तासाला चुन्याने जमिनीवर आखल्या. एकही झाड तोडायचं नाही, वाटच वळसा घालून जाईल. बुंध्यांभोवती दगडी कट्टे, डोक्यावरचं ओझं न वाकता उतरवता येईल एवढे उंच. दोन झाडांत मोठी फट आहे तिथेच फक्त मांडव, त्यावर मधुमालतीचा वेल. फरशांच्या मध्ये माती मोकळी सोडायची, म्हणजे पावसाचं पाणी मुळांना मिळेल. सर नकाशा बघून जाम खूश. म्हणाले, "हे तुला सुचलं कसं?"

मी म्हणाले, "सर्व्हे पुन्हा केला, सर."

थाप मारली. सर्व्हेबिर्व्हे काही नाही. मी तुझ्या मागे गेले होते.

त्या दिवशी जीपमधून उतरलेल्यांत तू होतीस. डोक्यावर वळकटी, कडेवर निकिता. मी रस्त्यापलीकडे सरांबरोबर छत्रीखाली उभी होते. आमच्या घरी ऊसतोड आहे, हे मी ऑफिसात कधी सांगितलंच नाही. "घरी शेती असते," एवढंच म्हणायचे. तू दिसलीस आणि मी नकाशात तोंड खुपसलं. तू ओढ्याकडे वळल्यावर सरांना "आलेच" म्हणून निघाले खरी, पण हाक मारली नाही. मुद्दाम हळू चालले. करंजाखाली पोचले तोवर तू दवाखान्यात शिरली होतीस.

आणि साळूबाई सांगत होती, "आत्ताच एक बाई रडून गेली. कडंवर तापलेली पोर हुती. मी म्हनलं, कुनी न्हाई का गं तुझं हितं? तर म्हनली, बहीन हाय की, साहेबीन झालीया. कामात हाय, कशाला हाक मारू."

म्हणजे तू मला पाहिलं होतंस. माझी लाज राखायला गप्प गेलीस. आईलाही बोलली नाहीस. "स्नेहलचं लक्ष नव्हतं," असं स्वतःला समजावत असशील, तर नको समजावूस. होतं लक्ष. तुझी हिरवी साडी, निकिताची मागे टाकलेली मान, सगळं पाहिलं मी. मला माझीच किळस येते गं.

३० तारखेला सकाळी दहाला नगरपरिषदेची माणसं आखलेली नवी वाट चालून बघणार आहेत. मंजूर झालेला नकाशा का बदलला, ते मला सर्वांसमोर सांगायचंय. ती वाट कुणी दाखवली आणि ती माझी कोण, हे मी नाव घेऊन सांगणार आहे. तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी.

पण आलीस, तर जीपमधून उतरल्यावर ओढ्याकडे वळू नकोस. तिथेच थांब. मी रस्ता ओलांडून येते.

तुझ्याच कडेवर मोठी झालेली,
स्नेहल