सर्वनामाची प्रस्तावना

४ जानेवारी, सकाळ
सूनबाई चहा ठेवताना म्हणाली, बाबा, सर्वनाम म्हणजे काय आणि हा शब्द आला कुठून, दोन ओळींत सांगा ना. बारा तारखेला तिचा नमुना पाठ. मुख्याध्यापिका मागे बसून बघणार. पसंत पडला तर सूनबाई नोकरीत कायम, नाहीतर पुन्हा वर्षभर टांगणीला.
दोन ओळींत! शब्दाचं मूळ म्हणजे काय सूपचं पाकीट आहे, पाण्यात टाका नि ढवळा? रीतसर टिपण देतो म्हटलं. आजच बसतो.

५ जानेवारी
बसलो. पेन उघडलं आणि पाचवीतली नदीची कविता आठवली. काय ते दिवस! फळ्यावर तिरपं ऊन, सगळा वर्ग एका सुरात. हल्लीच्या पुस्तकांत नुसती चित्रं. टिपण उद्या.

७ जानेवारी
मुलगा म्हणाला, झालं का? म्हटलं, पाया खणतोय. तर म्हणे, अहो, दोन ओळी हव्यात, मजले नाही चढवायचे. हा लिफ्ट दुरुस्त करतो. वर आणि खाली, एवढंच कळतं.
वास्तविक मला सगळं पाठ. नामाऐवजी येणारा शब्द, कुणालाही लागू पडणारा, म्हणून सर्वांचं नाम. शिवाय जुने व्याकरणकार अशा शब्दांची यादी ‘सर्व’पासून सुरू करत, त्यावरून नाव पडलं असंही म्हणतात. संपलं. पण इतकं कोरडं द्यायचं? प्रस्तावना नको?

१० जानेवारी, दुपार
सूनबाईने फोनवर शोधलं. फोनवर! तिने उतरवलेला कागद पाहिला. मी सात तारखेला इथे लिहिलं तेच, पण जीव नाही. कीव आली. पाठाला स्वतः जायचं ठरवलं. ती म्हणाली, नको हो बाबा, तिथे जिने फार आहेत. किती काळजी! बायको म्हणाली, जायचंच तर तोंड शिवून बसा. हिला पहिल्यापासून कवितेचं वावडं.

१२ जानेवारी, संध्याकाळ
गेलो. मुख्याध्यापिका मूळच्या गणिताच्या. चेहरा भागाकारात बाकी उरल्यासारखा. सूनबाई बरी शिकवत होती. मुलं ऐकतही होती. पण ऐकणं वेगळं, भारावणं वेगळं. उठलो. म्हटलं, आधी एक कविता. सूनबाईने खडू खाली ठेवला. समजूतदार पोर.
चौथ्या कडव्याला अडलो. आमच्या गुरुजींचा नियम कडक: विसरलास, पहिल्यापासून. मग पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडलो. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मुलंही बाकं बडवत बरोबर म्हणू लागली. असा प्रतिसाद! तेवढ्यात घंटा. शाळांना घड्याळाचं भारी वेड.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, सर्वनाम राहिलं. म्हटलं, प्रस्तावना झाली, तीच अवघड असते.
वाटेत सूनबाई सारखा रुमाल काढत होती. डोळे लाल. खडूची धूळ वाईट.

१३ जानेवारी
पाठ पुन्हा घ्यायचा आहे, गुरुवारी. मुख्याध्यापिकांनी एक शेवटची संधी दिली, असं सूनबाई बायकोला सांगत होती. म्हणजे प्रस्तावना पोचली. चौथं कडवं घोकायला घेतलं.

१४ जानेवारी
मुलगा म्हणाला, गुरुवारी तुम्हाला तपासणीला न्यायचंय, सकाळी शाळा भरायच्या आधी निघायचं. कसली तपासणी? म्हणे, सगळीच. मला तर काही होत नाही! पण त्याने दिवसभराची रजा टाकलीय आणि डॉक्टरांची वेळ सूनबाईने स्वतः फोन करून घेतली, सर्वांत लांबच्या दवाखान्यातली.
म्हाताऱ्यासाठी एवढं करणारी माणसं हल्ली कुठे राहिलीत?