प्रत्येक खोलीची एक खोट

२ फेब्रुवारी
दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात, जेवायच्या टेबलावर, मुक्ताने कंपनी थाटली. मी पेपरची आजची बातमी मांडीवर ठेवून लिहिली. दुपारपर्यंत रिकाम्या राहिलेल्या हॉटेलच्या खोल्या त्याच संध्याकाळसाठी विकायच्या, अशी लेकीची कल्पना. नाव सुचवलं, 'आतिथ्यम्'. "बाबा, लोकांना घाईत टाइप करता यायला हवं." संस्कृत एम.ए.चा निकाल लागला.

१९ फेब्रु.
वर्णनं लिहायचं बिनपगारी काम माझ्याकडे. मु.चा नियम: खोलीत जाऊन, पलंगावर बसून, मगच लिहायचं. करोल बागेत चार जिने. गुडघ्यांचा निषेध नोंदवला.

२१ फेब्रु.
घोळ. सजवलेला मजकूर माझ्यापाशीच राहिला, मु.ला गेलं ते खासगी टिपण: "खिडकी उघडली की भिंत. भिंतीपलीकडे बँडवाल्यांची तालीम. चादर मात्र स्वच्छ, चहा उत्तम." तिने न वाचता ॲपवर चढवलं. करोल बागेतले हॉटेलवाले खुराना सकाळपासून फोनवर. "अंकल जी, मरवा दिया आपने."

२२ फेब्रु.
खुरानांच्या सगळ्या खोल्या गेल्या. एका गिऱ्हाइकाने लिहिलंय, भिंत लपवत नाहीत ते ढेकूणही लपवणार नाहीत. मु. दिवसभर बुकिंगचे आकडे पाहत होती. संध्याकाळी म्हणाली, "आता प्रत्येक हॉटेलची एक खोट. लिहायचीच."

१० जून
फरीदाबाद, गाझियाबाद झालं, आता जयपूर. कंपनी नोएडात गेली, टेबल आम्हाला परत. तिथली पोरं मला 'खोट वाले अंकल' म्हणतात. मुख्य बातमीदार म्हणूनसुद्धा इतका मान मिळाला नव्हता. शैलजा म्हणते, "माझ्या स्वयंपाकावर तीस वर्षं केलेला सराव फळला." पत्नीची साक्ष. ग्राह्य.

३ ऑक्टोबर
गुडगावचे गुंतवणूकदार. कंपनी देशभर न्यायला तयार. अट एकच: खोटेच्या ओळी काढा. नाही म्हटलं तर ते तिच्या प्रतिस्पर्ध्याकडे जाणार, आणि ही जयपूरच्या पुढे सरकायची नाही. मु.ने मला विचारलं नाही. मीही सल्ला दिला नाही. शै.ने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

५ ऑक्टो.
मु.चा फोन. "बाबा, उद्या त्यांना कागद द्यायचाय. आपल्या कंपनीची खोट लिहून दे."
"कंपनीची?"
"नियम म्हणजे नियम."
म्हणजे ओळी राहणार. चार खरडे फाडले. शेवटी: "संस्थापिका कुणाचं ऐकत नाही. दोष वडिलांकडून आलेला." आयुष्यात इतकं नेमकं काही लिहिल्याचं आठवत नाही.

६ ऑक्टो.
अकराला बैठक. ओळ पहिल्याच पानावर घातलीय. शै.ने सर्दीचं निमित्त करून ऑफिस बुडवलं. एकदाही शिंकली नाही. साडेबाराला मु.चा निरोप: "मोठे साहेब वाचून हसले. मग परत वाचलं. तेव्हा नाही हसले."
पुढे काही नाही. अडीच वाजले. शै.ने भात तिसऱ्यांदा गरम केला. खाली लागलाय. आज मी खोट काढली नाही. दोघांच्या मध्ये, टेबलावर, फोन. वाजतोय.