खालच्या टिपेप्रमाणे

२ जून, सोमवार
डॉक्टर म्हणतो, हाडं ठिसूळ झालीत. दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतल्याचा परिणाम. एक मणका दबलाय, काळजी घेतली नाही तर आणखी दबतील. मी म्हटलं, हा बायकांचा आजार. तो म्हणाला, हाडांना ते माहीत नसतं. आगाऊ माणूस.
उपाय दोन. आठवड्याला एक गोळी, नाहीतर वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन. इंजेक्शनआधी किडनीची तपासणी, शिवाय किडक्या दाढेचा निकाल. मला सुईची भीती नाही. गोळी निवडली ती तत्त्व म्हणून.

३ जून
गोळीचे नखरे फार. उपाशीपोटी, ग्लासभर साधं पाणी, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅल्शियम तिच्याजवळ नको. त्यात माझी बीपीची गोळी, त्यात अ‍ॅसिडिटी. दुसऱ्यानं हात टेकले असते. मी बस डेपोत एकतीस वर्षं वेळापत्रकं बसवली आहेत. डेपोचे कोरे छापील फॉर्म जपून ठेवले होते (हिला रद्दीत द्यायचे होते), त्यातल्या एकावर सगळं बसवलं. हाडांची गोळी रविवारी सहाला, त्या दिवशी बीपीची सातला. कपाटाच्या दारावर बरोबर डोळ्यांसमोर चिकटवलं.
गोळ्या हातावर ठेवायचं काम हिचं. चष्म्याशिवाय मला सगळ्या सारख्याच. हिनं विचारलं, वर एक आणि खाली दुसरंच लिहिलेलं असलं तर काय धरायचं? लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या कामात रस घेतला. नियम समजावला: वेळापत्रकात शेवटचा शब्द खालच्या टिपेचा.

८ जून, रविवार, सकाळी ६.०५
पहिली गोळी. इवलीशी. उभा आहे.
६.२५. छातीत जळजळ. साइड इफेक्ट, दुसरं काय. हिनं कालच्या तळकटाचा विषय काढला. दुर्लक्ष केलं.
७.१०. बीपीची गोळी द्यायला ही विसरली. शिस्त म्हणून नाही. मागितली नाही, एकाच सकाळी किती गोळ्या सोसायच्या.

२२ जून, रविवार
पुन्हा जळजळ, शिवाय पाय भरून आले. गोळी भलतीच स्ट्राँग आहे. तरी सोसतोय. मुलीला फोनवर सांगितलं, हाडं आतून घट्ट होताहेत, जाणवतं. तिनं आईला फोन द्यायला सांगितलं. भारावली असावी.

१३ जुलै, रविवार
भरलेली बादली उचलू नका, असं ही म्हणाली. म्हणून दोन उचलल्या. पाठीत कट् झालं. लचक आहे. डॉक्टरकडे जाण्यासारखं काही नाही.

४ ऑगस्ट
वेळापत्रक कोणीतरी वर सरकवलंय. मान वर करून वाचावं लागतं. हिला विचारलं, ती नाही म्हणाली. घरात आपण दोघंच, मग काय कागद चालत वर गेला? आवाज चढला. माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही, म्हणून बजावलं.

१८ ऑगस्ट, सोमवार
पाठ दुखायची राहीना. एक्स-रे काढला. दुसरा मणका दबलाय.
डॉक्टरनं विचारलं, गोळी चुकली का? मी म्हटलं, एकही रविवार चुकला नाही, उलट तुमच्या गोळीनं छाती जाळली. मग हिनं पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. हाडांच्या गोळ्या. एकही फोडलेली नाही.
"फॉर्मवर खाली छापलंय ना, रविवारी फेऱ्या बंद," ही म्हणाली. "मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, टिपेचं धरायचं."
सहाला हातावर यायची ती बीपीची. ती दहा वर्षं हीच देते, तिला वेळापत्रक लागत नाही.
मी म्हटलं, पुन्हा विचारायचंस तरी.
"ओरडला असतात," ती म्हणाली.
डॉक्टर एक्स-रेकडे बघत बसला.
इंजेक्शन ठरलं. आधी किडनी, मग दाढ, मग सुई. सुईची भीती वाटते. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिलं.

२० ऑगस्ट
वेळापत्रक काढलं. चिकटपट्टीचे डाग पाहिले. चारही कोपऱ्यांना एकेकच, जूनमधले. कागद जागचा हलला नव्हता. मीच खाली आलोय.
हिला उगाच बोललो. सांगायला हवं. वेळ अजून बसवलेली नाही.