ह्यांच्या तोंडावरची बुरशी

९ जाने. ५६, सोम.
ह्यांचं पत्र आलं. विलायतेत जाऊन पाच महिने झाले. औषधाची बुरशी टाक्यांत कशी वाढवायची, ते शिकायला कारखान्याने पाठवलंय. थंडी फार, तब्येत ठीक, आईला जप. पत्र सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचं असतं, हे त्यांना ठाऊक. म्हणून माझ्यासाठी वेगळं असं काही नसतंच. शेवटी मात्र मराठीत दोन इंग्रजी शब्द घुसलेले: ‘माझं फेस फंगस झकास वाढलंय, ओळखणार नाहीस.’

फेस म्हणजे तोंड. आणि फंगस काय, ते आमच्या कारखान्यात झाडूवाल्यालाही कळतं. वाचता वाचता जीभ अडली. सा.बा. म्हणाल्या, ‘काय गं? थांबलीस का?’ सांगितलं. तोंडाला बुरशी लागलीय.

१० जाने.
चिंचवडच्या मास्तरांकडे शब्दकोश पाहिला. बुरशी, भूछत्र. तोंडाचं काही नाही. सा.बां.नी गोड सोडलं. मी उलट टपाली लिहिलं: हातमोजे घालत होतात ना? डॉक्टर काय म्हणाले? झकास कसलं? रोगाची थट्टा सुचते तरी कशी ह्यांना!

१३ जाने., शुक्र.
कारखान्यात दिवसभर बाटल्या खोक्यांत भरल्या. दोनदा मोजणी चुकली. टाक्यांच्या शेडकडे बघवत नाही.

हे रोज सकाळी दाढी करायचे, मी कढत पाण्याचा तांब्या ठेवायची. डाव्या जबड्याखाली जरा जागा हमखास राहून जायची. मी कधी सांगितलं नाही. दिवसभर ती जागा ठाऊक असलेली मी एकटी, याची गंमत वाटायची. आता तिथेच लागलं असेल तर

१७ जाने.
शेजारी हळदीकुंकू. गेले नाही.

२१ जाने., शनि.
लॅबमधल्या जोशीबाईंना शेवटी विचारलं. बी.एस्सी. आहेत, पण त्याही गोंधळल्या. यंत्रं बसवायला गोरा साहेब आलाय, त्याच्याकडे मला घेऊन गेल्या. त्याने ऐकलं आणि खो खो हसत सुटला. हनुवटीवरून हात फिरवत म्हणाला, ‘बिअर्ड! बिअर्ड!’

दाढी. दाढी वाढवलीय ह्यांनी!

आपोआप उगवते म्हणून बुरशी. थट्टेचं नाव. जोशीबाईंनी पुढचं मराठीत सांगितलं: हा शब्द अर्जात लिहायचा नाही, वरच्या साहेबाला म्हणायचा नाही. जवळच्या माणसाला चिडवायला वापरतात. ह्या साहेबाची बायको त्याला म्हणायची म्हणे, लग्नाआधी.

घरी सांगितलं तर सा.बा. उखडल्या. ‘घरात सुतक न्हाई, काय न्हाई, दाढी कशापायी?’ मग गुळाचा मोठा खडा तोंडात टाकला आणि पदराने डोळे पुसले. मीही हसले. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

२२ जाने., रवि.
हसू रात्रीतच ओसरलं. जवळच्या माणसाला चिडवायचा शब्द. मग ह्यांना तो कोणी शिकवला? कोशात नाही, पुस्तकात नाही, म्हणजे कोणाच्या तरी तोंडून ऐकला. कोणीतरी ह्यांच्या तोंडाकडे बघून हसलं, आणि ह्यांना ते आवडलं, इतकं की मला लिहावंसं वाटलं.

मी दाढी पाहिलेलीसुद्धा नाही. मऊ असेल का, टोचत असेल? लाज वाटते लिहायला, पण हात लावून बघायचाय मला. आत्ता.

३१ जाने., मंगळ.
पत्र आणि फोटो. माझी काळजी वाचून बरेच हसले म्हणे. शब्द कोणाचा, ते लिहिलेलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

फोटोत विटांच्या भिंतीपाशी एक दाढीवाला गृहस्थ उभा आहे. कोट ओळखीचा. डोळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. डावा जबडा पार झाकून गेलाय.

खाली लिहिलंय: ‘आणखी वर्षभर राहा, असं इथले लोक म्हणतात. इथून पगारही देतील. आईला विचार. आणि तू काय म्हणतेस ते लिही.’

पाच महिन्यांत पहिल्यांदा मला विचारलं, तेही हेच.

२ फेब्रु.
सा.बा. फोटो पदराला पुसून पुसून बघतात. ‘राहू दे की वरीसभर. शिकंल. माजं काय, मी हाय तशी हाय.’ एवढं बोलून चुलीकडे तोंड केलं. भाकरी करपली तरी वळल्या नाहीत.

३ फेब्रु., शुक्र.
उत्तर लिहिलं. वाचून दाखवलं: ‘आईंची परवानगी आहे. तुमच्या शिक्षणाच्या आड आम्ही येणार नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते करा, प्रकृतीला जपा, आमची काळजी नसावी.’ छान, ठासून वाचलं.

कागदावर एवढंच आहे: ‘या. दाढीसकट या.’

सा.बां.ना अक्षर कळत नाही. निळा कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘बोललीस तर लई. लिवलंस येवढंच?’

मी खाली बघत राहिले.  त्यांनी डिंकाची कड जिभेने ओली केली, घडी घातली, आणि तळव्याने दाबून पत्र स्वतःच बंद केलं.