मुकीच्या मळ्यातली वाइन

वेरनोल, बर्गंडी
३ डिसेंबर १९७१

प्रिय बातिस्त,

तुझं पत्र काल मिळालं. मादलेनचा खोकला थांबला, निनोंचा पुढचा दात पडला, हे वाचून बरं वाटलं. मार्सेयला अजून ऊन आहे म्हणतोस; इकडे सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. आईचा गुडघा ठीक आहे. जेवते, झोपते, कोंबड्यांना दाणे टाकते. मीही बरी आहे.

बाबांशिवायचा पहिलाच हंगाम, म्हणून मी धास्तावले होते. पण आभाळ स्वच्छ राहिलं आणि द्राक्षांचं पीक छान आलं. मुकीचा मळा नेहमीसारखा शेवटी खुडायला ठेवला.

तिथे दगडी कुंपणाच्या आत पाऊल टाकलं की तोंड मिटायचं, ही आपल्या घरची रीत. तू लहानपणी विचारलं होतंस, "ही मुकी कोण?" तेव्हा बाबांनी तुला दंडाला धरून कुंपणाबाहेर आणलं आणि मगच उत्तर दिलं, "आपल्या पणजोबांच्याही आधीपासून ती इथे आहे. तिला बोलता येत नाही. तिच्यासमोर आपण बोलू नये, एवढंच." तू हसलास. मी नाही हसले, मी लहान होते.

यंदा त्या मळ्यात आई गायली. ओळीच्या मध्यावर वाकली होती, हातात कात्री होती, आणि एकदम बाबांचं ते नाचाचं गाणं तिच्या तोंडून बाहेर पडलं. बाबा गेल्यापासून तिने धड आवाजही चढवला नव्हता. खुडणाऱ्या बायका थबकल्या, मग त्याही गाऊ लागल्या. मी तिला थांबवलं नाही. तिचा चेहरा पाहिला असतास तर तूही थांबवलं नसतंस.

त्या मळ्याचा रस मोठ्या लाकडी टाकीत घातला. रस आंबायला लागला की कसा आवाज येतो, तुला आठवत असेल. आपण कान लावून बसायचो. ही टाकी गरम झाली, रंग आला, वास आला, पण आवाज नाही. बुडबुडाही फुटताना दिसला नाही. तरी वाइन झाली, बातिस्त. आणि अशी झाली की बाबांच्या हातूनही कधी झाली नव्हती.

नोव्हेंबरात सर्व संतांचा सण झाल्यावर बोन गावाहून मस्यू पोर्शरो चव घ्यायला आले. तेच, वाइनचे व्यापारी, ज्यांना बाबा 'रेडिओ' म्हणायचे. तळघरात उतरल्यापासून त्यांची बडबड चालूच. मी काचेच्या नळीने पिंपातून वाइन काढून त्यांना आणि आईला दिली. त्यांनी पेला मेणबत्तीसमोर धरला, हुंगला.

"काळी चेरी. ओला दगड. पावसातल्या जंगलाची माती. आणि मागून काहीतरी... लोकरीचं, अंगावरचं. मादाम, तुमचा नवरा काय ठेवून गेलाय इथे!"

मग घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले, चव घेणारे थुंकतात तसा भुशात थुंकला. पुढे बोलायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. घशाकडे बोट दाखवून हसले, हातवारे केले, गाडीत बसून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "घसा बसला होता हो! माझ्या बायकोला ही वाइन पेटीभर हवी आहे. आणि मला तर सगळं पिंप हवंय. पॅरिसला पाठवणार!"

त्यांनी घोट थुंकला होता. आईने गिळला. बाबांच्या मळ्यातलं ती कधीच थुंकत नाही.

तेव्हापासून आई बोललेली नाही.

हे तुला कळवायचं टाळत होते. डॉक्टर म्हणाले, घसा साफ आहे, नवरा गेल्याचा धक्का आहे, येईल आवाज. मीही तेच धरून बसले. पण आई पिंपाकडे बोट दाखवायची आणि मान हलवायची. मला तिचा राग आला. म्हटलं, "आई, हे द्राक्षांचं पाणी आहे, दुसरं काही नाही. बघ!" आणि तिच्यासमोर पेलाभर प्यायले. तिने माझं मनगट धरलं होतं, तरी प्यायले. बातिस्त, इतकं सुंदर मी आयुष्यात काही चाखलेलं नाही. आईला जे म्हटलं, ते माझं शेवटचं बोलणं.

तर मीही तशीच आहे. स्वयंपाकघरात आम्ही दोघी समोरासमोर बसतो. सुरुवातीला भांड्यांचाच आवाज ऐकू यायचा. मग एका दुपारी आई माझ्यासमोर बटाटे सोलत होती, ओठ मिटलेले, आणि बाहेरून तिने मला हाक मारली. "सोलांज! ए सोलांज, ये गं!" लहानपणी मारायची तशी, शेवट लांबवून. आवाज मुकीच्या मळ्यातून आला. आईच्या हातातली सुरी खाली पडली. तिनेही ऐकलं होतं.

आता रोज ऐकू येतं. कधी आईच्या आवाजात, कधी माझ्या. नवीनच सापडल्यासारखा मुकी एकेक शब्द परत परत घोळवते. शेजारचा फेर्नां मळ्याच्या कुंपणावरून आत बघत ओरडला, "काय गं, आज खुशीत दिसतेस, एकटीच हसतेस!" मी त्याच्या मागेच उभी होते.

मस्यू पोर्शरोंची माणसं पिंप न्यायला येणार होती. आज सकाळी आईने आणि मी बूच काढून ती वाइन सगळी मळ्यात ओतली. तिचं तिला परत. मातीने ती क्षणात पिऊन टाकली. आम्ही वाट पाहत उभ्या राहिलो. आमचा आवाज आला नाही. ओळींमधून फक्त कुणीतरी खाकरलं, बोलण्याआधी माणूस खाकरतं तसं.

आता तुझ्या पत्रातलं ते. तू लिहितोस, रविवारी माझा फोन आला, इतकं मोकळं मी कधीच बोलले नव्हते, आई मागून हसत होती. मी म्हणे सांगितलं की नाताळला सगळे या, तुमच्यासाठी एक बाटली भरून ठेवली आहे, निनोंलाही घोटभर देऊ, मोठी झाली ती.

रविवारी आम्ही दोघी दिवसभर चर्चमध्ये होतो, घराला कुलूप होतं. आणि मी बाटली भरलेली नाही.

तिकिटं परत कर. फोन वाजला तर उचलू नकोस, आईचा आवाज असला तरी. रडत असली तरी. निनोंला फोनजवळ जाऊ देऊ नकोस. आमच्यासाठी येऊ नकोस. आम्ही दोघी एकमेकींना आहोत.

काही सांगायचं असलं तर मी लिहीन. अक्षर नीट बघून घेत जा. ते अजून माझंच आहे.

तुझी,
सोलांज