अनुवादकाच्या चौकटीतील मुलांचे शेरे वाचवण्याबाबत

प्रति,
मा. ग्रंथालय अधिकारी,
मध्यवर्ती ग्रंथालय

विषय : जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी संदर्भसूची पुन्हा नव्या प्रणालीत उतरवणे.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज, आणि आपल्या कार्यालयाचे त्यावरील एकच उत्तर.

महोदय,

मी बालविभागातील शनिवारचा वाचनवर्ग अठ्ठावीस वर्षे विनावेतन चालवतो. वर्गात वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद मी जुन्या संगणकावरील संदर्भसूचीत करत आलो. एकूण नोंदी ४,११८.

प्रथम चूक कबूल करतो. जुन्या प्रणालीत शेरा लिहायला चौकट नव्हती. अनुवादकाची चौकट मात्र बहुतेक वेळा रिकामी असे. पुस्तक वाचून मूल जे म्हणाले, ते मी त्या चौकटीत लिहीत गेलो. मूलही पुस्तक आपल्या भाषेत आणतेच, असे तेव्हा मनाचे समाधान करून घेतले होते.

गेल्या महिन्यात सूची नव्या प्रणालीत हलवली गेली. नव्या प्रणालीने प्रत्येक शेरा हे माणसाचे नाव मानले. शेऱ्यातील स्वल्पविरामानंतरचा मजकूर गाळला आणि उरलेल्यातला शेवटचा शब्द आडनाव म्हणून पुढे आणला. त्यामुळे 'आला, कंटाळा' या अनुवादकाच्या नावावर सध्या सदतीस पुस्तके जमा आहेत.

मी पहिला अर्ज केला, तेव्हा लिपिक म्हणाले, "गुरुजी, पुस्तकं सगळी आली ना पलीकडे? मग झालं तर!" दुसऱ्या अर्जानंतर तंत्रज्ञांनी जुना संगणक उघडून पाहिला. सूची साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून ती चौकट 'टीप' या चौकटीला जोडायची, दोन तासांचे काम आहे, असे ते म्हणाले. "पण लेखी आदेश आणा. उगाच माझ्या गळ्यात नको." तिसऱ्या अर्जाला आपले उत्तर आले, ते सोबत जोडले आहे. त्यात सर्व अनुवादकांची संमतीपत्रे व ओळखपत्रे मागितली आहेत. शिवाय श्री. कंटाळा आला यांना अनुवादकांच्या सत्काराचे निमंत्रण माझ्या पत्त्यावर आले आहे. ते सदतीस वेगवेगळी मुले आहेत. त्यांतील एक आता बस चालवतो. त्याला विचारले, तर तो यायला तयार आहे.

महोदय, हसून झाले. आता थकवा आला आहे.

नोंद क्र. २०७१ एका मुलीची आहे. ती वर्गात वर्षभर एक शब्द बोलली नव्हती. मीही तिला कधी आग्रह केला नाही. एका शनिवारी मासोळीचे पुस्तक मिटून ती एकच वाक्य बोलली. आज तिची लेक वर्गात येते. "आई काय म्हणाली होती, दाखवा ना," म्हणून परवा ती माझ्या शेजारी बसली. पडद्यावर आले : 'नाही, ही मासोळी बोलत'.

ते वाक्य मला पाठ आहे, म्हणून मी तिला सांगू शकलो. बाकीचे हजारो शेरे मला आठवत नाहीत. ते फक्त जुन्या संगणकात आहेत, आणि तो येत्या तीस तारखेला मोडीत जाणार आहे.

तरी तंत्रज्ञांना दोन तासांचा लेखी आदेश द्यावा. ते शक्य नसल्यास त्या संगणकाशेजारी मला एक खुर्ची द्यावी. मी हाताने उतरवायला बसेन, तीस तारखेपर्यंत होतील तेवढे.

आपल्या एका सहीची वाट पाहणारा,

(सही)
निवृत्त प्राथमिक शिक्षक, शनिवार वाचनवर्ग
दिनांक : १९

सोबत :
१. आपल्या उत्तराची प्रत.
२. श्री. कंटाळा आला यांचे निमंत्रण, साभार परत.
३. नोंद क्र. २०७१ चा पूर्ण मजकूर, माझ्या हस्ताक्षरात : 'ही मासोळी बोलत नाही, पण तिला सगळं ऐकू येतं.'