अर्धवट गोठलेलं

नाशिक, ७ एप्रिल

ती. मालनआत्यास शि. सा. नमस्कार,

ज्योत्स्नानं चमचा परत वाटीत ठेवला आणि हेपण अर्धंच, असं म्हणाली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. कालचीच गोष्ट. ज्योत्स्ना म्हणजे माझ्या कॉलेजातली, मखमलाबादच्या फुलवाल्या कारभारी अण्णांची मुलगी. तिच्याबद्दल आईनं तुला सांगितलं असेलच.

मी तिच्यासाठी फळांचं फ्रोझन कॉकटेल केलं होतं. घाबरू नकोस, दारूचा थेंब नाही. कलिंगड, खरबूज, शेवटची काळी द्राक्षं, वरून साखरेचा पाक, सगळं एका पातेल्यात. वर बर्फाची पापडी आली आणि खाली लाल पाणी. तिच्या त्या ‘हेपण’मध्ये कॉलेज, गिटार, जिम, सगळं आलं. मी म्हणालो, फळं गोठवणं म्हणजे काही डिग्री नाही. ती म्हणाली, म्हणूनच तर.

वीस तारखेच्या रविवारी अण्णा दिवसभर घरी आहेत. त्या दिवशी एक तरी गोष्ट पुरी करून आण, मी अण्णांपाशी आपला विषय काढते, म्हणाली. नाही जमलं तर पुन्हा येऊ नकोस. वर अण्णांना साखरेचा त्रास आहे, म्हणून पाक चालणार नाही.

सुट्टीत तू आम्हाला कडक गार द्राक्षं द्यायचीस, ती कशी करायचीस? फोनवर तू नुसतं हॅलो हॅलो करतेस, म्हणून रोज अपडाऊन करणाऱ्या रवीदादाकडे ही चिठ्ठी देतोय. तुझा लोभ आहेच, कृती तेवढी लवकर पाठव.

तुझा,
ललित

मनमाड, ९ एप्रिल

चि. ललित यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईनं मला काहीही सांगितलं नव्हतं. आता तूच सांगितलंस. मुलगी स्पष्ट बोलणारी दिसते, मला आवडली. तिचं पुढे कसं व्हायचं, याची मात्र काळजी वाटते.

फळांचं पातेलं कुणी करतं का रे? कलिंगड-खरबुजाच्या बिया काढून बोराएवढे तुकडे कर. द्राक्षं धुऊन फडक्यानं कोरडी कर, नाहीतर चिकटून त्यांचा दगड होतो. पाक नको. साखरेनं गोठायला वेळ लागतो, आणि पिकल्या फळाला ती हवीच कशाला? सगळं ताटात सुटं पसर, एकावर एक नको, आणि फ्रीजरमध्ये रात्रभर राहू दे. खायच्या वेळी निम्मी फळं लिंबाचा रस, पुदिना आणि चिमूटभर सैंधव घालून मिक्सरमध्ये भरड फिरव, उरलेली तशीच वरून घाल. हलकं होतं, पोटाला जड नाही. तिच्या अण्णांनाही छोटी वाटी चालेल.

माझा लाडवांचा डबा रवीकडे परत दे. दिवाळीपासून तुझ्याकडेच आहे. आईला माझी आठवण सांग आणि तिचं ऐकत जा, म्हणजे माझाही जीव तुझ्यात राहील.

तुझी,
मालनआत्या

नाशिक, १३ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. नमस्कार,

तुझी कृती चुकीची आहे. मी सगळं तू लिहिलंस तसंच केलं. द्राक्षं पुसली, एकेक दाणा पुसला. पाक नाही, पातेलं नाही. सकाळी बघतो तर कलिंगड लिबलिबीत, द्राक्षं आतून मऊ. फ्रीज म्हातारा झालाय, बाबा नवीन घेत नाहीत. लाइटही गेली असणार. आई म्हणते, गेलीच नव्हती. या घरात माझ्या बाजूनं बोलायला कुणी नाही.

मी लक्ष दिलं नाही असं म्हणू नकोस. झोपेपर्यंत दर थोड्या वेळानं दार उघडून बोटानं दाबून बघत होतो. पाणी प्यायला उठलो तेव्हाही बघितलं. याहून जास्त कुणी काय करायचं?

ज्योत्स्नाचं तर विचारूच नकोस. तिच्या गल्लीतून मी सहज जात होतो. खिडकीतून म्हणाली, दूधवालासुद्धा दिवसातून एकदाच येतो. मेसेज पाहिलास का, पाहिलास तर उत्तर का नाही, एवढंच विचारलं, तर वीस तारखेपर्यंत ब्लॉक करून टाकलं. रागानं मी ताट मोरीत आपटलं. ताटाला पोचा आलाय आणि आई बोलत नाहीये. बास झालं. फळंही नकोत आणि वीस तारीखही नको.

डबा सापडत नाही. रागावू नकोस, माझं तेवढं एकच माणूस तू आहेस.

ललित

मनमाड, १५ एप्रिल

चि. ललित यास आशीर्वाद.

फ्रीज ठणठणीत आहे. लाइटही गेली नव्हती. तुझी आई खोटं बोलत नाही, तेवढी तिला फुरसत नसते.

अरे शहाण्या, दार उघडलं की एप्रिलची हवा आत जाते. वर तू बोट लावून फळांना ऊब देणार. गोठतील कशी? आणि गल्लीतही तू तेच करतोयस. ती पोर विचार करायला बसली की तू खिडकीखाली हजर.

आता एक सांगते, बसून वाच. दोन वर्षांमागे तू पेपर फेरतपासणीला दिलास आणि निकाल यायच्या आधीच कॉलेजमधून दाखला काढून आणलास. तो निकाल नंतर आला. तू पास होतास. तुझ्या बाबांनी फोनवर ओरडून सांगितलं, म्हणून मला ऐकू आलं. तुला सांगायचं राहिलं, कारण कॉलेजचं नाव काढलं की तू जेवणावरून उठायचास. आम्हीही चुकलो. पण तूही थोडा थांबला असतास तर?

शनिवारी ताट ठेव, दार लाव आणि स्वयंपाकघरातून बाहेर पड. आईला सांग, सकाळपर्यंत मला आत येऊ देऊ नकोस म्हणून.

रागावले असले तरी माया पातळ झालेली नाही.

मालनआत्या

नाशिक, २० एप्रिल, संध्याकाळ

ती. आत्यास शि. सा. नमस्कार,

पास होतो हे वाचून आधी तुझं पत्र फाडलं. मग सेलोटेपनं जोडलं. बाबांशी भांडायला गेलो, तर ते म्हणाले, आता तरी बस. बसलो. कॉलेजात पुन्हा घेतील का, हे उद्या विचारून येणार आहे.

काल ताट ठेवलं आणि गच्चीवर झोपायला गेलो. आई जिन्याच्या तोंडाशी खाट टाकून झोपली. सकाळी द्राक्षं ताटात खणखण वाजली. सगळी फळं डब्यात बर्फात ठेवून, डबा गोणपाटात गुंडाळून मखमलाबादला नेली. तो तुझा लाडवांचाच डबा, माळ्यावर सापडला. आता तो तिथेच राहिलाय.

कारभारी अण्णा ओसरीवर झेंडू निवडत होते. निम्मी फळं त्यांच्याच मिक्सरमध्ये फिरवून वाटी दिली. कॉकटेल म्हटल्यावर त्यांनी हात मागे घेतला, म्हणाले, दारू नाय ना यात, माझ्या गळ्यात माळ हाय. मग खाल्लं. लय गार हाय, दाढ ठणकली, असं म्हणत वाटी पुन्हा पुढे केली. ज्योत्स्नानं ती काढून घेतली. सध्या काय करतोस, असं त्यांनी विचारलं. निकालाआधीच कॉलेज सोडलं, हे मी सांगून टाकलं. ते झेंडू निवडत राहिले. चेहऱ्यावरून काही कळेना.

ज्योत्स्नानं एक द्राक्ष दाताखाली फोडलं. कडक आवाज आला. अर्धं म्हणाली नाही. मला म्हणाली, मी आता अण्णांशी बोलते, तू जा.

तुझा लोभ असाच राहू दे, हे आत्ताच लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगितल्यावर माझ्याकडे लिहायला काही उरत नाही.

मला बसायचं होतं. माझी बाजू मांडायची होती, पाठ करून गेलो होतो. ती दोघं आतल्या खोलीत गेली. मी उंबऱ्यापाशी चप्पल घालत होतो. अण्णा, ललितबद्दल बोलायचंय, असं तिनं म्हटलेलं ऐकू आलं. मग अण्णांचं नुसतं हं. पुढचं ऐकायला जरा रेंगाळलो असतो तरी पुरे होतं. मी बाहेर आलो आणि मागे दार ओढून घेतलं.

ललित